माझ्या कानांची किल्ली

ऐकू कमी येऊ लागलं की ते आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. माझ्या बाबतीत आधी ते नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीला कळलं, मग नवऱ्याला, मग पुण्यात राहणाऱ्या मुलीला, आणि सगळ्यांच्या नंतर मला. विहारातल्या महिला मंडळाची मी सचिव. बुद्धपौर्णिमेच्या तयारीची बैठक चालली होती. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. न कळलेल्या प्रत्येक प्रश्नाला तेव्हा मी हसून मान हलवत असे, तशी हलवली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मागच्या बैठकीचं इतिवृत्त बरं लिहिलं म्हणून कौतुक चाललंय. परत येताना शेजारीण म्हणाली, "अख्ख्या वस्तीची खीर एकटीनं करता म्हणता! हिंमत आहे बाप्पा तुमची."

खीर केली. काय करणार? नवरा शेगडीजवळ स्टूल टाकून मोठ्या गंजात डाव फिरवत बसला होता. घाम पुसत म्हणाला, "आता तरी कान तपासून घे वं. नाही तं पुढच्या बारीले कोणाच्या लग्नाचा सैपाक घेऊन येशील."

म्हणून आम्ही त्या दुकानात गेलो. देशभर दुकानं असलेल्या एका मोठ्या कंपनीचं ते दुकान. काचेचं दार, आत एसी, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या. आवाज येऊ न देणाऱ्या एका छोट्या खोलीत बसवून त्यांनी माझ्या हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी भराभर दाबत होते, आणि तरी बाहेर आल्यावर तपासणाऱ्या मुलीने कागदावरचा आलेख दाखवला, तर रेषा उजवीकडे जाऊन विहिरीत पडल्यासारखी खाली गेलेली. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत, असं तिने सांगितलं. स, श, त, फ ही अक्षरं माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. लोक काय बोलतात त्याचा सांगाडा यायचा, मांस गळून पडलेलं असायचं.

कानामागे बसणारी दोन छोटी यंत्रं आम्ही घेतली. गच्चीवर एक खोली काढायची म्हणून बाजूला ठेवलेलं सगळं त्यात गेलं. त्या मुलीने ती लॅपटॉपला जोडली, माझ्या आलेखाप्रमाणे लावली, आणि कानात बसवताना गोड हसून म्हणाली, "झाली हं मॅडम, आता तुमचीच."

तुमचीच. हा शब्द मी नंतर पुष्कळदा आठवला.

ती पहिली वर्षं छान गेली. कढीपत्ता तेलात पडल्यावर आवाज होतो हे मी विसरूनच गेले होते. नवरा चप्पल घासत चालतो हेही मला नव्याने कळलं आणि त्यावरून आमचं भांडण झालं. मुलीशी फोनवर बोलताना तिला तेच तेच परत सांगावं लागेना. फोनमध्ये कंपनीचं अ‍ॅप होतं. गर्दीत गेलं की त्यात आवाज कमी करायचा, विहारात मागे बसलं की वाढवायचा.

मग कान आणखी उतरले. असं होतं, वयानं होतं. त्यात काही विशेष नाही. चष्म्याचा नंबर बदलतो तसं यंत्र पुन्हा नव्या आलेखाप्रमाणे लावून घ्यायचं, एवढंच. मी दुकानात गेले तर काचेचं दार तेच होतं, पण आत सावजी मटणाचं पार्सल काउंटर. गल्ल्यावरच्या माणसाने काहीतरी विचारलं. मी म्हणाले, "कानाची मशीन." त्याने मागे वळून भटारखान्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. मला धड ऐकू येत नाही म्हणूनच मी फोन केलाय, हे फोनवर समजावून सांगणं काय असतं ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. शेवटी नवऱ्याने फोन घेतला. पलीकडची बाई हिंदीत म्हणाली, नागपूरचं सेंटर बंद झालंय, आता जवळचं सेंटर पुणे.

"पुणे जवळ?" नवरा म्हणाला. "बाई, नकाशा पाह्यला का कधी?"

त्याच आठवड्यात अ‍ॅपने स्वतःला अपडेट करून घेतलं आणि उघडल्यावर पाटी दिसली: तुमचं सेवाकेंद्र सध्या उपलब्ध नाही. आवाज कमीजास्त करायची पट्टी करडी पडली. बोटाने कितीही ओढली तरी ती हलेना. म्हणजे लावून घेणं राहिलं बाजूला, जे काल माझ्या हातात होतं तेही गेलं. यंत्र माझ्या कानामागे, बॅटरी मी घातलेली, आणि पट्टी हलवायची परवानगी दुसऱ्याच कुणाकडे.

मुलगी म्हणाली, "आई, तू पुण्याला ये. मी सुट्टी काढते, घेऊन जाते."

"आणि सहा महिन्यांनी पुन्हा बिघडलं तर?"

"तर परत ये."

ती प्रेमानेच म्हणत होती. पण माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत मी पत्रांचे मसुदे केले. कोणाचा अधिकार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कागदावर नीट मांडायचं, हेच माझं काम. आणि इथे माझ्याच कानांवर माझा अधिकार कुठपर्यंत आहे ते मला सांगता येईना.

नागपुरातच, महाल भागात, एक तरुण ऑडिऑलॉजिस्ट बसते असं कळलं. म्हणजे कानाची तपासणी करून यंत्रं लावून देणारी, त्यातली पदवी घेतलेली. भांड्यांच्या दुकानावरची खोली, अरुंद जिना, खालून सतत पितळेची ठणठण. तिने तपासणीची खोली आतून फोम लावून स्वतःच बनवून घेतली होती. माझा नवा आलेख काढला आणि यंत्रं तिच्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर लाल कुलपाचं चित्र आलं. मग खुर्ची माझ्यासमोर ओढली, मला तिचे ओठ दिसतील अशी बसली आणि हळू म्हणाली, "मावशी, मशीन एकदम चांगली आहे. पण कंपनीनं आतून कुलूप लावून ठेवलं आहे. त्यांच्या दुकानाशिवाय कोणालेच उघडता नाही येत."

"पण दुकानच नाही राहिलं."

"तेच तं. दुकान गेलं, कुलूप राहून गेलं."

"मग मी काय करायचं?"

"लोकं नवीन घेतात." तिने नजर खाली घातली. "मले चांगलं नाही वाटत असं सांगायला. पण माझ्याकडं येणारे असे बरेच आहेत."

मी विचारलं, "बरेच म्हणजे कोण?" तिने दाराकडे बोट केलं. बाकावर एक उंच, काटक गृहस्थ बसले होते. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे ताठ. त्यांच्या कानामागे तंतोतंत माझ्यासारखंच यंत्र होतं.

हे भाऊ बुटीबोरीचे. सूतगिरणीत आयुष्य गेलं, त्या यंत्रांच्या गडगडाटात कान गेले. निवृत्त होताना मिळालं त्यातून त्यांनी ही यंत्रं घेतली होती, त्याच दुकानातून. आम्ही दोघं एकमेकांशी ओरडून बोलायला लागलो तेव्हा खालच्या भांडेवाल्याने वर येऊन काही झालं का विचारलं.

"मले तं वाटलं, माहीच मशीन बिघडली," भाऊ म्हणाले. "पोरगं म्हणे, बाबा तुमाले वापरता येत नाही. मी म्हटलं, असन बा."

भाऊ कामगार वस्तीतल्या कबड्डीच्या सामन्यांत पंच असायचे. चढाईला गेलेल्या खेळाडूचा दम तुटला का, हे पंचाला ऐकू यावं लागतं. 'कबड्डी कबड्डी' म्हणताना मध्ये श्वास घेतला तर तो बाद. यंत्रं नवी होती तेव्हा भाऊंना मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा श्वास कळायचा. आता एका सामन्यात त्यांनी तीनदा चुकीचा निर्णय दिला, आणि पोरांनी त्यांना बोलावणं बंद केलं. "शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं," ते म्हणाले. "पण पोट्टे चुपचाप राह्यले. नमस्कार करतात आन् दुसऱ्याले शिट्टी देतात."

मी त्याच दिवशी जिना उतरता उतरता ठरवलं. घरी बोलते मी वऱ्हाडी, पण लिहिते चोख सरकारी. ग्राहक आयोगात तक्रार आपली आपण करता येते, वकील लागत नाही, हे मला माहीत होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या कंपनीशी कोण भांडते? त्यांचे वकील पाह्यशील तं घाबरशील."

"त्यांचं मले ऐकूच नाही येणार," मी म्हणाले. "घाबरू कशी?"

तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी टायपिंगच्या दुकानात माझ्यासोबत आला.

तक्रार मी लिहिली, माझी आणि भाऊंची मिळून. फार पाल्हाळ लावला नाही. आम्ही वस्तू विकत घेतली. वस्तू चांगली आहे. तिचा उपयोग करू देण्याचा अधिकार विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवला, आणि मग तो दुकान बंद करून निघून गेला. कुलूप काढून द्यावं. नुकसानभरपाई शेवटच्या ओळीत मागितली, तीही ऑडिऑलॉजिस्टने आग्रह धरला म्हणून.

पहिल्या तारखेला आयोगाच्या व्हरांड्यात इतकी माणसं होती की आमचं नाव पुकारलेलं मला कळलंच नसतं. नवरा दाराशी उभा राहिला आणि पुकारा झाल्यावर त्याने दोन्ही हात वर करून हलवले, गाडी सुटताना हलवतात तसे. आत कंपनीचे वकील आधीच उभे होते. तरुण, नीटनेटके, आवाज चांगला असावा. ते अध्यक्षांकडे तोंड करून बोलू लागले. मला त्यांची पाठ दिसत होती आणि पाठ काही बोलत नव्हती.

मी हात वर केला.

"साहेब, विनंती आहे. वकीलसाहेबांनी माझ्याकडे तोंड करून बोलावं. मला ओठ वाचावे लागतात, कारण माझी यंत्रं त्यांच्याच अशिलाने बंद करून ठेवलीत."

मागच्या बाकांवर हशा पिकला असं नवऱ्याने नंतर सांगितलं. मला फक्त अध्यक्षांच्या ओठांचे कोपरे हललेले दिसले. त्यांनी वकिलांना खूण केली. ते वळले, आणि त्या दिवसापासून प्रत्येक तारखेला ते माझ्याकडे बघूनच बोलले. एखाद्याला आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडावर म्हणावं लागलं की त्याचा वेग आपोआप कमी होतो, हे मी तिथे पाहिलं.

त्यांचं म्हणणं असं होतं, की यंत्र बाईंच्या मालकीचं आहे, त्याबद्दल वादच नाही. पण यंत्रातलं सॉफ्टवेअर कंपनीचं आहे, ते फक्त वापरायला दिलेलं आहे. घेताना बाईंनी फोनवर अटी मान्य केल्या आहेत. आणि कुलूप ग्राहकाच्याच सुरक्षिततेसाठी आहे, उद्या कोणी अडाण्याने आवाज वाढवून ठेवला तर कानाला इजा होईल.

मी उभी राहिले. दोन्ही हात बाकाच्या कडेवर टेकवले.

"साहेब, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला की मी कुठल्याही दुकानात जाऊन काच बदलते. चष्मेवाला मला म्हणत नाही की फ्रेम तुमची, नजर आमची. सुरक्षिततेचं म्हणाल तर महालातल्या बाईंकडे याच विषयाची पदवी आहे, कागद जोडलाय. आणि अटींचं म्हणाल, तर अ‍ॅपमध्ये 'मान्य' हे एकच बटण होतं. 'अमान्य' दाबल्यावर यंत्र चालू राहील असं दुसरं बटण असेल तर त्यांनी आत्ता दाखवावं. मी दाबते."

वकिलांनी फाइलची पानं उलटली. अध्यक्षांनी पुढची तारीख दिली.

त्या तारखेच्या आधी वकिलांनी आम्हाला व्हरांड्यात गाठलं. सभ्य माणूस, माझ्यासमोर येऊन, हळू, स्पष्ट बोलले. कंपनी मला नवीकोरी जोडी द्यायला तयार आहे, याहून भारीतली. विनामूल्य. मी फक्त तक्रार मागे घ्यायची आणि याबद्दल कुठे बोलायचं नाही.

"आणि या भाऊंचं?"

"त्यांचा विचार स्वतंत्रपणे करू."

"नव्या जोडीला कुलूप असेल?"

"ते कंपनीचं धोरण आहे, मॅडम."

भाऊंनी सगळं ओठांवरून वाचलं होतं. त्यांनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला. "ताई, घेऊन टाका. माह्यासाठी नोका थांबू. मी म्हातारा माणूस, मले कुठं परीक्षा द्यायची आहे?"

खरं सांगते, मोह झाला. माझी नात तेव्हा नुकती बोलायला लागली होती. मुलगी व्हिडिओवर तिला माझ्यासमोर धरायची आणि ती काहीतरी तुरुतुरु बोलायची. त्यातलं एक अक्षर मला लागत नव्हतं. नवी जोडी घेतली असती तर त्याच संध्याकाळी लागलं असतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो डबा हातात धरून भिंतीला टेकला होता. मला वाटलं आता हा म्हणणार, घे. तो म्हणाला, "कुलपासकट घेऊन काय करशील? पुन्हा इथंच यायचं?"

मी वकिलांना म्हणाले, "नको. जुनीच चांगली आहेत. फक्त उघडून द्या." मग आम्ही तिघांनी व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडला. भाऊंनी घरून ठेचा आणला होता. आमच्या तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्यानेच असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

त्या तारखेला अध्यक्षांनी वकिलांना सरळच विचारलं, "हे कुलूप काढायला काय लागतं?"

"तांत्रिक बाब आहे, सर. सूचना घेऊन सांगतो."

"सूचना नको. तुमच्या माणसाला पुढच्या वेळी समोर आणा. इथे येता येत नसेल तर पडद्यावर आणा."

आणि खरोखरच आणलं. भिंतीवरच्या पडद्यावर बंगळूरचा एक इंजिनिअर दिसू लागला. माझ्या मुलीच्या वयाचा, मागे कुंडीतलं रोप, टेबलावर कॉफीचा मग. महालची ऑडिऑलॉजिस्ट लॅपटॉप घेऊन आली होती. मी यंत्रं कानातून काढून तिच्या हातात दिली. ती काढली की मला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे पुढचं मी मूकपटासारखं पाहिलं. तिने यंत्रं जोडली. लॅपटॉपवर ते लाल कुलपाचं चित्र आलं. तिने लॅपटॉप उचलून अध्यक्षांना दाखवला, मग सदस्यांना, मग वकिलांना. पडद्यावरचा मुलगा काहीतरी टाइप करत होता. वकिलांनी पाण्याचा ग्लास उचलला. त्यांनी तो खाली ठेवायच्या आत कुलपाचं चित्र गेलं.

एवढंच. इतक्या महिन्यांचे फोन, अर्ज, तारखा, भाऊंना मैदानाबाहेर बसवणं, माझ्या नातीचे हवेत विरलेले शब्द, आणि हे एक घोट पाण्याचं काम होतं. शेकडो मैलांवर बसलेल्या, मला कधी न भेटलेल्या मुलाच्या बोटाखाली माझे कान होते आणि त्यालाही बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं.

ऑडिऑलॉजिस्टने नव्या आलेखाप्रमाणे यंत्रं लावली. सगळे थांबले होते. तिने ती स्वतःच्या हाताने माझ्या कानांत बसवली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आधी पंखा आला. मग टंकलेखिकेच्या बोटांखालची टकटक. मागे कोणीतरी प्लॅस्टिकची पिशवी चुरगाळत होतं, तो आवाज इतका लख्ख होता की मी मान वळवून पाहिलं. मग अध्यक्ष म्हणाले, "ताई, स्पष्ट ऐकू येतंय का?" त्यातला 'स्प' मला आला. 'ष्ट'ही आला. मी तोंडावर पदर धरला आणि खुर्चीवर बसले. मला कोणी ऊठ म्हणालं नाही.

पण काम संपलं नव्हतं. मी डोळे पुसून उभी राहिले आणि परवानगी मागून पडद्यावरच्या मुलाला विचारलं, "बेटा, एक सांग. हे कुलूप तू परत लावू शकतोस का?"

मी हिंदीत विचारलं होतं. तो सरळ मुलगा होता, आणि त्याला सरळ प्रश्न विचारला गेला होता. वकील "सर, हा प्रश्न..." म्हणेपर्यंत तो बोलून गेला, "जी मॅडम. अगले अपडेट में अपने आप भी लग सकता है."

खोलीत शांतता झाली. या वेळी ती खरी शांतता होती. मला फरक कळत होता.

मी अध्यक्षांना म्हणाले, "साहेब, माझं एवढंच म्हणणं होतं. आज उघडून दिलं ही त्यांची कृपा झाली. मला कृपा नको. मी वस्तू विकत घेतलीय."

निकाल लागला त्या दिवशी मी अंजिरी रंगाची साडी नेसले होते, मुलीच्या लग्नातली. निकालाचा शेवटचा भाग वाचून दाखवला आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला, कोणाच्या ओठांकडे न बघता. माझ्या आणि भाऊंच्या यंत्रांचं कुलूप कायमचं काढावं. कुठल्याही अपडेटने ते परत लावू नये. अ‍ॅपमधले अधिकार ग्राहकाकडे द्यावेत. आणि बंद झालेल्या त्या दुकानातून ज्यांनी ज्यांनी अशी यंत्रं घेतली, त्या सगळ्यांची यंत्रं कुठल्याही पात्र तज्ज्ञाला उघडता यावीत. विकल्यानंतर असा ताबा आपल्याकडे ठेवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. भरपाईही दिली, पण ती वाचली जात असताना भाऊंनी माझ्या कानाशी वाकून, अजिबात गरज नसताना, ओरडून विचारलं, "म्हणजे जितलो का, ताई?"

"जितलो, भाऊ!" मीही ओरडले. शिपायाने आम्हाला हसत बाहेर काढलं.

वकील व्हरांड्यात भेटले. अपील करू म्हणाले, पण कंपनीने ते काही केलं नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कायद्याचं शिकला होता का?" नवऱ्यानेच उत्तर दिलं, "नाही, घरी प्रॅक्टिस आहे."

मग कंपनीचा संदेश सगळ्यांच्या फोनवर आला. त्यात आमच्या निकालाचा उल्लेख नव्हता. ग्राहकांच्या सोयीसाठी आनंदाने ही सुविधा देत आहोत, असं लिहिलं होतं. आम्ही वाचून खूप हसलो. महालच्या त्या अरुंद जिन्यावर माणसं बसू लागली. वर्ध्याहून, भंडाऱ्याहून, उमरेडहून. कोणी आईला घेऊन, कोणी एकटंच. भांडेवाल्याने त्यांच्यासाठी एक बाक टाकला. भाऊंची यंत्रं लावून झाली त्या रविवारी मी आणि नवरा बुटीबोरीला गेलो. भाऊंनी एका धिप्पाड पोराला दम तुटला म्हणून बाद दिलं. तो वाद घालायला आला तेव्हा भाऊ त्याला म्हणाले, "बाबू, तुह्या पोटातली भूकही ऐकू येऊन राह्यली मले."

मागच्या महिन्यात विहारातल्या एका मैत्रिणीला यंत्र घ्यायचं होतं. मी सोबत गेले. दुसरीच कंपनी, दुसरं दुकान, तेच पेपरमिंट. मी गप्प राहायचं असं ठरवून गेले होते. विक्रेत्याने बॅटरी दाखवली, रंग दाखवले, हप्ते सांगितले. मैत्रीण सगळं ऐकून म्हणाली, "हे सगळं ठीक आहे दादा. याले कुलूप आहे का? दुसऱ्या डॉक्टरले उघडता येईल का?"

"कंपनी सेटिंग असते, काकू. सगळ्यांचं तसंच असतं."

"मग राहू द्या." तिने पर्स उचलली.

तो आत साहेबांकडे गेला. काचेपलीकडे दोघं बोलत होते. साहेबाने एकदा आमच्याकडे पाहिलं, मग फोन लावला. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं, "काय म्हणून राह्यला तो?" काच जाड होती, मलाही ऐकू येत नव्हतं, पण ओठ अजून वाचता येतात.

"उघडी द्यावी लागेल, म्हणतोय," मी तिला सांगितलं.

विक्रेता बाहेर आला. म्हणाला, "काकू, तुम्हाला उघडी देतो. तसं बिलावर लिहूनही देतो."

मैत्रिणीने पर्स पुन्हा मांडीवर ठेवली आणि खुर्चीत आरामात मागे टेकून बसली. "आता दाखवा बरं रंग," ती म्हणाली. "तो चंदेरी चांगला दिसून राह्यला होता."